खिडकी जिंकली, पण खिडकी कोण?

रविवार, दुपारी चारचा सुमार

तीर्थस्वरूप मामा,

'साष्टांग नमस्कार' असं लिहायला घेतलं होतं, पण खोडलं. कंबरेत लचक भरल्यामुळे मला सध्या पूर्ण वाकता येत नाही, आणि जे प्रत्यक्षात घालता येत नाही ते कागदावर घालणं बरं नाही. तेव्हा सहा अंगांचा नमस्कार घ्यावा. उरलेली दोन अंगं कंबर मोकळी झाल्यावर. (मामींना नुसता नमस्कार. त्यात अंगं मोजायची नसतात.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही 'आता बराच बरा आहे' असं लिहिलं होतंत. मी ते वाक्य तीन वेळा वाचलं. 'बराच बरा' म्हणजे बऱ्यापेक्षा जास्त की थोडा कमी, हे मला ठरवता आलं नाही, म्हणून डायरीत 'मामांचा गुडघा : संदिग्ध' अशी नोंद करून ठेवली आहे. कृपया खुलासा करावा. मामींचा खोकला गेला का? आमच्याकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे. मीही लिहिलं असतं, पण मग पुढची पानं कशाला, असं तुम्हाला वाटलं असतं.

लचक दोर कापून भरली. दोर का कापला, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. माझ्या सासऱ्यांचा सुऱ्यांचा कारखाना तुम्ही आमच्या लग्नाच्या वेळी पाहिलात. कारखाना म्हणजे एक लांब खोली, तिच्यामागे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये भट्टी. एकतीस वर्षं ते तिथे कोबाल्टच्या मिश्रधातूची पाती ओततात. खलाशी, चांभार, मासळी साफ करणारे असे लोक त्यांची सुरी मागून नेतात, कारण कोबाल्टला गंज चढत नाही, त्याला पोलादासारखं पाणी द्यावं लागत नाही, आणि धातू फार टणक नसूनही धार टिकते, ती त्यात विखुरलेल्या कार्बाइडच्या कठीण कणांमुळे. (एवढं मला तुमच्या कृपेने ठाऊक आहे. धातुशास्त्राच्या पेपरात तुम्ही मला बरोबर पास होण्यापुरते गुण दिले होतेत. त्यातला शेवटचा एक गुण माझा होता की भाचा म्हणून मिळाला, हा प्रश्न मला वीस-बावीस वर्षांनीही अधूनमधून पडतो. उत्तर देऊ नये.)

तर माझ्या मेहुण्याचं म्हणणं असं, की ओतीव पात्याचे दिवस गेले. धातू तोच; पण तो तापवून रुळांखाली लाटला, की ओतताना थिजलेली कार्बाइडची जाळी मोडते, कण बारीक होऊन सगळीकडे सारखे पसरतात आणि पातं चिवट होतं. अशी लाटलेली पट्टी तयार मिळते. ती आणायची, कापायची, घासायची, मूठ बसवायची. भट्टी नको, साचे नकोत, अंगावर ठिणग्या नकोत. सासऱ्यांचं म्हणणं असं, की कार्बाइडची जाळी मोडली म्हणजे पात्याचे दात काढले. दोर, कातडं असल्या चिवट गोष्टींना ओतीव पातं जसं धरतं तसं लाटीव धरणार नाही, आणि लाटून करायच्या वस्तू स्वयंपाकघरात शोभतात. मामा, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. हीच माझी अडचण. एखाद्याचं साफ चुकलेलं असलं की मला झोप छान लागते.

खरं कारण वेगळंच आहे, तेही लिहितो. पाच महिन्यांपूर्वी ओतताना सासऱ्यांच्या हातातली मूस कलली आणि वितळलेला धातू त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर सांडला. मेहुणा म्हणतो, सांडला. सासरे म्हणतात, 'सांडला नाही, मी तिथे ओतला.' त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. रविवारी आम्ही दोघं तिकडे जेवायला जातो, तेव्हा माझी खुर्ची मुद्दाम मधे ठेवलेली असते. 'जावईबापू, मीठ इकडे सरकवायला सांगा.' 'भावजी, मीठ त्यांच्या कोपरापाशीच आहे म्हणावं.' मीठ खरोखरच त्यांच्या कोपरापाशी असतं. हे बरोबर आहे असं मी म्हटलं की मी मेहुण्याच्या बाजूचा ठरतो, म्हणून मी उठून दुसरी मिठाची वाटी आणतो.

अशाच एका रविवारी ठरलं, की दोन्ही पात्यांची परीक्षा घ्यायची आणि परीक्षक मी. सासरे म्हणाले, 'तुम्ही वजनमापं तपासणारे. गुंजभर कमी भरलं तर सख्ख्या नातलगाचा काटासुद्धा जप्त कराल.' मेहुणा म्हणाला, 'कराल काय, केलाय. माझाच.' (खरं आहे. चार ग्रॅम.) अट अशी : ओतीव जिंकलं तर भट्टी चालू राहील आणि मेहुणा लाटीव पट्टीचं नाव काढणार नाही, लाटीव जिंकलं तर भट्टी विझवून शेड उतरवायची. दोघांनी मान डोलावली. एकमेकांकडे न बघता डोलावली, पण डोलावली. माझ्या बायकोने तेवढ्यात माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, चुकून लागला.

एकाच नमुन्यावरून दोन पाती तयार झाली. लांबी, जाडी, धारेचा कोन, पॉलिश सगळं सारखं. मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर सासऱ्यांनी आपल्या पात्याला 'ओ' असा ठसा मारला, मेहुण्याने 'ला'. आणि इथून माझा त्रास सुरू झाला. कुठलं पातं कुणाचं हे मला माहीत असेल, तर मी नकळत एकाला जास्त जोर लावीन. नकळत होणाऱ्या गोष्टीला आळा कसा घालायचा? मला कळताच कामा नये, हाच उपाय. मग कुणाला कळावं? बायकोला नको, ती एकाची मुलगी आणि दुसऱ्याची बहीण. शेजाऱ्यांना नको, ते उसनी सुरी नेतात. ज्याला या जगात कशाचीच ओढ नाही असा माणूस मी शोधू लागलो, आणि आमच्या वाचनालयाचा ग्रंथपाल सापडला. त्याला मी अकरा वर्षं ओळखतो. या काळात त्याने मला पुस्तक आवडलं का, असं एकदाही विचारलेलं नाही.

त्याने करायचं ते एवढंच : दोन्ही पात्यांवर मुठी चढवायच्या, एक टेबलावर खिडकीच्या बाजूला ठेवायचं, एक दाराच्या बाजूला, आणि कुठलं कुठे ठेवलं ते कागदावर लिहून पाकीट बंद करायचं. पुढे त्या पात्यांची नावं 'खिडकी' आणि 'दार' अशीच पडली. (आधी एक आणि दोन असं ठरवलं होतं, पण एक हा दोनाच्या आधी येतो. क आणि ख यांचंही तेच. लाल आणि निळा दोरा बांधून पाहिला. मला निळा आवडतो.) पाती त्याच्याकडे न्यायच्या आदल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत माझ्या मनात आलं, की ग्रंथपालसुद्धा माणूसच आहे. त्याने ते ठसे पाहिले, आणि उद्या पुस्तक देताना माझ्याकडे एका विशिष्ट प्रकारे बघितलं, तर? म्हणून मी कारखान्यात जाऊन ग्राइंडरवर दोन्ही ठसे घासून साफ केले. त्या दिवशीच्या डायरीत लिहिलंय : 'आता कुणालाही कसलाही पूर्वग्रह उरू शकत नाही. समाधान वाटलं.'

त्यानंतरचे सात आठवडे मी दोर कापला. बोटाएवढा जाड तागाचा दोर, वजनकाट्यावर लाकडी फळी ठेवून तिच्यावर कापायचा, म्हणजे हाताचा दाब काट्यावर दिसतो. दर वीस कापांनंतर वर्तमानपत्राचा कागद कापून बघायचा. कागद फाटायला लागला की धार गेली. एक दिवस खिडकी आधी, दुसऱ्या दिवशी दार आधी, कारण दुसऱ्या पात्याच्या वेळी माझा दंड भरून आलेला असे. पावाच्या चकत्या केल्या, रबरी नळ्या कापल्या, ऑफिसातले सगळे पुठ्ठ्याचे खोके संपवले. (साहेबांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. साहेब म्हणाले, 'रजा घ्या.') घरात दोराचे तुकडे इतके झाले, की बायकोने त्यांची पायपुसणी केली. तिने कुठल्या पायपुसण्यात कुठल्या पात्याने कापलेले तुकडे घातले याची नोंद ठेवलेली नाही. मी विचारलं होतं.

चौथ्या आठवड्यात दाराने माझं बोट कापलं. बायको शेजारणीला सांगत होती, 'ह्यांना दार लागलं.' शेजारीण तेल घेऊन आली. पण माझ्यापुढचा प्रश्न निराळा होता. दाराच्या खात्यात एक जखम जमा झाली होती आणि खिडकीच्या खात्यात शून्य. जखम हा तीक्ष्णतेचा पुरावा की माझ्या हलगर्जीपणाचा? पुरावा असेल तर खिडकीवर अन्याय होतोय. मी दुसऱ्या हाताचं तेच बोट फळीवर ठेवून, दाब काट्यावर वाचत, खिडकी उचलली होती. तेवढ्यात बायको आत आली. तिने पातं माझ्या हातातून काढून घेतलं, कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि म्हणाली, 'एवढीच हौस असेल तर मी कापते.' मी ती जखम हिशेबात धरली नाही. बरोबर केलं ना?

शेवटी निकाल लागला. सरासरी खिडकी चारशे बारा काप, दार तीनशे सदुसष्ट. भिंगाखाली बघितलं तर खिडकीची धार जराशी बोथटली होती, दाराची तीन ठिकाणी टवका उडाल्यासारखी दिसत होती. (की ते टवके माझ्या बोटाचं हाड लागून पडले? असाही विचार आला. हाडापर्यंत गेलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणतात.) खिडकी जिंकली, यात शंका नाही. निदान शंका थोडीच आहे.

गेल्या रविवारी सकाळी पाकीट उघडायचं ठरलं. सासरे धुतलेला सदरा घालून बसले होते. मेहुण्याने दाढी केली होती. टेबलावर दोन पाती, मधे मी, माझ्या हातात पाकीट. ग्रंथपालालाही बोलावलं होतं. तो मासिक वाचत बसला. मी आकडे वाचून दाखवले, खिडकी विजयी असं जाहीर केलं, पाकीट फोडलं आणि कागद मोठ्याने वाचला. त्यावर लिहिलं होतं : 'खिडकीकडचे पाते : सुरीचे पाते. दाराकडचे पाते : सुरीचे पाते. दोन्हींवर कोणतीही खूण आढळली नाही. आपला विश्वासू.'

मामा, ठसा घासला की ठसा जातो, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात त्या क्षणी आली. मी ग्रंथपालाकडे बघितलं. तो म्हणाला, 'दिसलं ते लिहिलं.' यात त्याची चूक नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच लिहिलं असतं, फक्त अक्षर जरा बरं काढलं असतं.

मला वाटलं, आता मला घराबाहेर काढतील. झालं भलतंच. सासऱ्यांनी खिडकी उचलली, नखाने टिचकी मारली, कानाशी धरली आणि म्हणाले, 'ही माझी. आवाज ऐका. पोटातून येतोय.' मेहुण्याने त्यांच्या हातातून ती घेतली, जरा वाकवून बघितली. 'हे वाकतंय बाबा. तुमचं वाकलं असतं का? तुमचं काही वाकतं का?' पाच महिन्यांनी तो बापाशी थेट बोलला होता. दोघांच्या ते ध्यानातही आलं नाही. 'दे इकडे. एकतीस वर्षं ओततोय, माझं पोर मला ओळखू येणार नाही?' 'पोर समोर उभं आहे तेही ओळखत नाही तुम्ही.' असं अर्धा तास चाललं. दाराला कुणीच हात लावला नाही. हरलेलं पातं आपलं असेल, असं दोघांपैकी एकाच्याही मनात येईना. ते बिचारं टेबलावर पडून होतं. शेवटी ग्रंथपालाने त्या पात्याने मासिकाची चिकटलेली पानं फाडली.

मी शास्त्रीय उपाय सुचवले. वजन केलं, सारखं. लोहचुंबक लावला, दोन्हींना चिकटत नाही. टणकपणा बघितला, उन्नीस-बीस. मेहुणा म्हणाला, दार शिकंज्यात धरून वाकवू. काडकन तुटलं तर ओतीव. सासरे म्हणाले, चालेल, वाकवा. नाही तुटलं तर लाटीव. शिकंजा आवळला. मग दोघंही त्याच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले आणि कुणीच वाकवेना. सासऱ्यांना चहाची आठवण झाली, मेहुण्याला फोन आला. (फोन वाजला नव्हता. मी शेजारीच होतो.) आठवडा झाला, दार अजून न वाकता आहे. मी स्वतः वाकवायचं का, यावर डायरीची चार पानं भरली. परीक्षकाने नमुना मोडावा का? नाही, असं सध्या उत्तर आहे.

भट्टी सध्या ना चालू ना बंद. सासरे रोज शेडचं दार उघडतात, भट्टीसमोर खुर्ची टाकून बसतात, आणि संध्याकाळी दार लावतात. मेहुण्याने पट्टीची मागणी नोंदवली आहे आणि 'पाठवू नका' असंही कळवलं आहे. एकतीस वर्षांचं काम माझ्या नीटनेटकेपणामुळे अधांतरी लटकलंय. आयुष्यभर लोकांचे काटे तपासले, आणि घरच्या तराजूची पारडीच ओळखता येत नाहीत.

असो. तुमचा फार वेळ घेतला. गुडघ्याबद्दल कळवायला विसरू नये.

तुमचा आज्ञाधारक (शक्य तितका),
भाचा

ता. क. : सोबतच्या खोक्यात ती दोन्ही पाती आहेत, उघडताना जपावं. कॉलेजने मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक तुम्ही निवृत्त होताना घरी आणला होतात. दोन्ही पात्यांचा मुठीखालचा कोपरा घासून, त्यावर आम्ल लावून बघाल का? कार्बाइडची फांद्या-फांद्यांची जाळी दिसली तर ओतीव, बारीक दाणे ओळीने पसरलेले दिसले तर लाटीव, असं तुम्हीच शिकवलं होतंत. (माझ्या पेपरात मी हे उलटं लिहिलं होतं.) खिडकी कुठली आणि दार कुठलं, हे मुठींवर चिठ्ठ्या चिकटवून लिहिलंय. चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली नाही, हे मी सहा वेळा तपासलं.

आणखी ता. क. : हे लिहू की नको, असं दोन तास चाललं होतं. मी पूर्णपणे निःपक्षपाती आहे, हे तुम्ही जाणताच. तरी एक सोय म्हणून सुचवतो. खिडकी ओतीव निघाली तर उत्तर पोस्टकार्डावर लिहावं, मोठ्या अक्षरात, म्हणजे वाटेत कुणालाही वाचता येईल. लाटीव निघाली तर पाकिटात घालावं, आणि पत्ता तुमच्या नेहमीच्या अक्षरात लिहावा. तुमच्या अक्षरातली पत्रं पोचायला फार वेळ लागतो, काही तर पोचतच नाहीत. सासरे परवा भट्टीला फडक्याने पुसत होते. थंड भट्टीला. हा पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये.

मामांना भाचेसुनेचा नमस्कार. पत्र टपालात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलंय. वाचू नकोस म्हणाले, म्हणून वाचलं. काल बाबा माझ्याकडे येऊन गेले. म्हणाले, 'मामांना कळव, लाटीव म्हणाले तरी चालेल. मूस हल्ली झेपत नाही, पण हे मी माझ्या तोंडाने म्हणणार नाही.' आज सकाळी भाऊ आला. म्हणाला, 'ताई, मामांना सांग ना, ओतीव म्हणा. भट्टी बंद केली तर बाबा दिवसभर करतील काय?' म्हणजे आता दोघांनाही हरायचंय, आणि कुणी आधी हरायचं यावरून पुन्हा अबोला धरतील. सध्या खिडकी कुणाची यावर सकाळ-संध्याकाळ भांडतात, भांडता भांडता शेजारी बसून जेवतात, मीठ एकमेकांना स्वतःच्या हाताने देतात. ओतायचं तर निकालापर्यंत तसंही बंदच आहे, त्यामुळे बाबांचे पायही शाबूत आहेत. तेव्हा मामा, सूक्ष्मदर्शकाची काच फुटली आणि नवी मिळायला दोन-तीन वर्षं लागतील, असं कळवाल का? फक्त खरोखर फोडा. हे तपासायला येतील.